क्षारनगरीतले आवाज

तुलसी नगर, भोपाळ
१४ सप्टेंबर २०२५

श्री. प्रतीक मोघे यांस,

नमस्कार आधी, तक्रार मागून.

मी रजनी देशकर. राज्य सरकारच्या एका कार्यालयात सेक्शन ऑफिसर आहे, निवृत्ती तोंडावर आली आहे, आणि राजे, राक्षस, चेटकिणी यांच्या जाडजूड कादंबऱ्या हे माझं शाळेपासूनचं व्यसन आहे. ऑफिसातली पोरं हसतात. "मॅडम, आप इस उमर में परियों की कहानी?" मी म्हणते, "तुम दिन भर नोटशीट पढ़ते हो, वो कौन-सी सच्ची होती है?" डोळे कुरकुरायला लागल्यापासून वाचणं सुटलं आणि ऐकणं लागलं. 'क्षारनगरी'चे सहाही भाग तुमच्या आवाजात ऐकून झाले. खरं तर हे पत्र लेखकाला जायला हवं, पण लेखक भेटतो कुठे? कानात तुम्ही असता, तेव्हा ऐकून घ्या. तुमचा पत्ता मिळाला नाही म्हणून प्रकाशनाच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवते आहे.

युवराज मेघांक तिसऱ्या भागात मिठाच्या सरोवरात बुडून मेला. मी रडले. खोटं कशाला सांगू, ऑफिसच्या बसमध्ये रडले. आणि पाचव्या भागात हा गृहस्थ पांढऱ्या घोड्यावर बसून परत येतो! मला इतका धक्का बसला की दूध ओट्यावरून खाली आलं तरी मी तशीच उभी. बरं, आला तर आला. पण कुणी त्याला काही विचारतच नाही. राजमाता मिठी मारते, नगारे वाजतात, मेजवानी होते. अहो, होतास कुठे, असं जन्मदात्या आईने तरी विचारायला नको? अद्भुत कथेत काहीही घडू द्या, माझी ना नाही. पण जादूची किंमत कुणीतरी भरली पाहिजे. मेलेला माणूस फुकटात परत आणणारा लेखक वाचकाचा खिसा कापतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, एवढी सात राज्यं, पण त्या सैन्याला भाकरी कोण थापून घालतं ते कुठेही येत नाही. तिसरं, छापील पुस्तकात नकाशा असतो, ऐकण्याच्या पुस्तकात नसतो. मी कॅलेंडरच्या पाठीवर काढला आहे आणि सहाव्या भागात नदी उलटी वाहते असं माझ्या लक्षात आलं आहे. चौथं, लढाईच्या वेळी मागे जे ढोल बडवतात त्यांना आवरा. माणूस मरताना काय म्हणतो ते ऐकूच येत नाही.

तुमच्या वाचनाबद्दल मला बोलायला जागा नाही. मात्र मी तुम्हाला दीडपट वेगाने ऐकते, सगळीच पुस्तकं तशी ऐकते. निवेदक मंडळी दोन शब्दांमध्ये चहा पिऊन येतात, तेवढा धीर मला नाही. माझी आई, वय चौऱ्याऐंशी, माझ्या जुन्या फोनवर साध्या वेगाने ऐकते. तिला राक्षस-बिक्षस कधी आवडले नाहीत, पण 'क्षारनगरी' ती तिसऱ्यांदा ऐकते आहे, एवढं प्रशस्तिपत्र पुरे.

फक्त ती काजळी चेटकीण. तिचा आवाज कुठून आणलात हो? नाकातून बोलणारी, दर वाक्याला 'समजलं?' म्हणून दम भरणारी. इतकी किरकिरी बाई खऱ्या जगात असती तर शेजाऱ्यांनी गाव सोडलं असतं.

राग मानू नका असं म्हणणार नाही. थोडा माना आणि सातव्या भागात सुधारणा करा.

आपली एक चिकट श्रोती,
रजनी देशकर


भोपाळ
३ ऑक्टोबर २०२५

मंद्या?

तुम्ही तो नसाल तर माफ करा, एका वेड्या बाईचं पत्र समजून फाडून टाका. अनोळखी माणसालाही कळेल असं सगळं सरळ लिहिते.

काल सुट्टी होती. दुपारी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि बाहेरच्या खोलीतून माझा आवाज आला. मी स्वयंपाकघरात, आणि माझा आवाज बाहेर. कुणावर तरी डाफरत होता, "पाय पुसून आत या, समजलं?" मी पिठाच्या हातांनी धावले. आई पलंगावर डोळे मिटून पडलेली, उशाशी फोन, आणि फोनमध्ये काजळी चेटकीण. साध्या वेगाने.

मी आईला म्हटलं, "ही बाई माझ्यासारखी बोलते."

आई म्हणाली, "हो का? असेल बाप्पा."

मग मी माझा फोन घेऊन गच्चीवर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला साध्या वेगाने ऐकलं. घंटाळ राक्षस दात न उघडता बोलतो. का माहीत आहे? कारण आमच्या सोनागिरीच्या गल्लीत लतीफ मियाँ शिंपी होते, आणि ते तोंडात टाचण्या धरून बोलायचे. "को खां, हाथ ऊपर करो, नाप लेने दो." तसेच. श्वाससुद्धा तसाच, टाचण्या गिळू नयेत म्हणून नाकाने ओढलेला. लतीफ मियाँना जाऊन पंधरा वर्षं झाली. म्हातारा राजा कुठलीही अवघड गोष्ट सांगण्याआधी खोकतो आणि सांगून झाल्यावर 'असो' म्हणतो. ते आमचे बाबा. राजमाता म्हणजे आई. सगळी गल्ली त्या पुस्तकात भरली आहे, आणि मी तीन वर्षं तिच्यातून पळत सुटले होते.

अंधार पडेपर्यंत मी गच्चीतच ऐकत बसले होते.

तुमचा स्वतःचा आवाज ओळखीचा नाही. माझ्या भावाचा आवाज पातळ होता, तुमचा भरदार आहे. पण आवाज कमावता येतो, हे आता मला कळतं.

माझा धाकटा भाऊ मंदार देशकर. सोनागिरीजवळच्या मोठ्या कारखान्यात टेक्निशियन, बाबा होते तिथेच लागला. नाटकाचा नाद होता. तेरा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, बायकोने भरून दिलेला डबा घेऊन घराबाहेर पडला तो आलाच नाही. स्कूटर स्टेशनवर सापडली. मागाहून कळलं की नोकरी त्याने चार महिने आधीच सोडली होती. रोज डबा घेऊन निघायचा, तलावाकाठी बसायचा, संध्याकाळी तालमीला जायचा आणि कामावरून आल्यासारखा घरी यायचा. पोलिसात दिलं, पेपरात फोटो छापले. बाबा त्याच्या दुसऱ्या वर्षी गेले.

गेल्या वर्षी, बारा वर्षं सरल्यावर, आम्ही त्याचा पालाशविधी केला. शरीर सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस करतात. नर्मदेच्या घाटावर बसून गुरुजींनी पानं रचली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. घरात दुसरा पुरुष कुणी नव्हता, म्हणून अग्नी मी दिला. पळसाची पानं फार लवकर जळतात, मंद्या. नारळ राहतो. तो फुटेपर्यंत उभं राहावं लागतं.

गुरुजी सांगत होते, की असा विधी झालेला माणूस जिवंत परत आलाच, तर त्याला सरळ घरात घेत नाहीत. त्याला तुपाने न्हाऊ घालायचं, जन्मापासूनचे सगळे संस्कार पुन्हा करायचे, बारसं, मुंज, आणि लग्नसुद्धा, त्याच बायकोशी, नव्याने. तेव्हा मला रडतारडता वाटलं होतं की हे लिहिणाऱ्याला कादंबरी कळत होती. त्याने परतीची किंमत लावून ठेवली.

तुम्ही मंदार नसाल तर एवढंच कळवा की लतीफ मियाँ तुम्हाला कुठे भेटले.

रजनी


भोपाळ
१९ ऑक्टोबर २०२५

मंद्या,

तुझं पत्र आलं. पाच ओळी. "ताई, मीच आहे. आधी टेम्पो चालवला, आता हे करतो. आईला सांगू नकोस. लाज वाटली म्हणून गेलो आणि मग लाजेचीच सवय झाली. श्रुती कशी आहे?"

मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. दिवाळीच्या तोंडावर घरात पणत्या भिजत घातलेल्या आहेत आणि मी बादलीकडे बघत बसले आहे. काय वाटलं म्हणून विचारशील तर आनंद आधी वाटला नाही. आधी वाटलं की तुझ्या थोबाडीत द्यावी. आनंद त्याच्यानंतर झाला, आणि झाला तो इतका, की शेजारची मंगला विचारायला आली, "क्या हुआ दीदी, सब ख़ैरियत?"

म्हणे लाज वाटली! अरे, नोकरी सोडली म्हणून कुणी काय केलं असतं? बाबा खोकले असते आणि 'असो' म्हणाले असते. मी आठवडाभर तोंडसुख घेतलं असतं, काजळीसारखं. झालं, संपलं असतं. तुझ्या त्या लेखकालाही मी हेच म्हणते, की कारण आणि परिणाम यांचं काही प्रमाण असावं. चार महिन्यांच्या खोटेपणावर तेरा वर्षांचा डोंगर कुठला संपादक चालू देईल?

आईला सांगितलेलं नाही. ह्या वयात तो धक्का तिला झेपेल की नाही, मला भीती वाटते. मला स्वतःलाच झेपलेला नाही.

श्रुती कशी आहे, हे तू शेवटच्या ओळीत विचारलंस. ती चव्वेचाळीस वर्षांची आहे. सोनागिरीच्या आपल्या घरातच राहते, शाळेत शिकवते. तिचे माहेरचे न्यायला आले होते, गेली नाही. आई माझ्याकडे राहायला आली तरी ती दर रविवारी आईचं डोकं धुवायला येते. सात वर्षांनी कोर्टाने तिला मोकळं केलं, कागद हातात आला, तरी ती वटपौर्णिमेला सूत घेऊन निघायची. फोनचा नंबर तिने तेरा वर्षांत बदलला नाही. कंपनी बुडाली, तरी नंबर तोच घेऊन दुसरीकडे गेली. का, ते तुला मी सांगायला नको.

नर्मदेवरून आल्यावर ती बदलली. रडून घेतलं, खूप रडली, आणि मग हळूहळू नीट जेवायला लागली. सोनागिरीतच अमित म्हणून एक गृहस्थ आहेत, पाण्याच्या पंपांचं दुकान आहे, बायको वारली आहे. साधा माणूस. बोलतो कमी, पण श्रुतीच्या घरची मोटर बिघडली की न बोलावता येतो. ३० नोव्हेंबरला दोघांचं लग्न आहे.

हे वाचून तुला धक्का बसला असेल तर बसू दे. आमच्या वाटणीचे आम्ही घेतले आहेत.

ताई


भोपाळ
९ नोव्हेंबर २०२५

मंद्या,

तुझ्या चिठ्ठीत एवढंच, "मी येतो. लग्नाच्या आधी येतो. मला एकदा श्रुतीला भेटू दे, मग ती ठरवेल." तेरा वर्षं तिकीट मिळालं नाही, आणि तिच्या हाताला मेंदी लागायची म्हटल्यावर लगेच मिळालं!

तू येणार म्हटल्यावर आईला सांगणं भाग होतं. दारात अचानक उभा राहिलास आणि म्हातारीला काही झालं तर? परवा दुपारी ती मटार सोलत बसली होती. मी डॉक्टरांना विचारून घेतलं, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला, तिच्या गोळ्या पदराला बांधल्या आणि समोर बसले.

"आई, एक सांगायचंय. घाबरू नकोस."

"सांग की."

"मंदार आहे. जिवंत आहे."

आईने शेंग सोलली. दाणे वाटीत टाकले, साल टोपलीत टाकलं.

"हो," ती म्हणाली. "पुण्याला आहे का तो? मला वाटलंच होतं. मुंबईत त्याचा टिकाव नसता लागला."

मंद्या, तांब्या आईसाठी आणला होता, तो मी प्यायले.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या भागात. ती राजमाता 'बाप्पा' म्हणत नाही, पण म्हणायच्या आधी मी जशी थांबते तशी थांबते. आणखी कोण थांबवेल तिला तसं? माझं पोट्टं आहे ते. फोनमधून वाचून राहिलाय तर काय झालं."

पहिला भाग आला त्याला तीन वर्षं झाली. घाटावरचं सगळं झालं गेल्या वर्षी. मला हिशोब लागायला वेळ लागला, आणि लागला तेव्हा मी उठून उभी राहिले.

"म्हणजे तुला माहीत होतं? माहीत असून तूच मागे लागलीस, विधी करा, विधी करा म्हणून?"

"हो."

"मी अग्नी दिला गं त्याला! तू माझ्या हातात पेटती काडी दिलीस!"

"कुणीतरी द्यायलाच हवी होती."

मी ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. जिवंत मुलाचं तेरावं घालणारी आई मी एकाही पुस्तकात वाचलेली नाही, असं काहीतरी बोलले. आई शेंगा सोलत राहिली. माझा आवाज बसल्यावर म्हणाली, "त्याला मारायला नाही केलं मी ते. तिला सोडवायला केलं. कोर्टाने सोडवली, पण ती सुटून नव्हती राहिली. माझ्यासमोर जेवायला बसायची आणि दाराकडे बघायची. मी आहे तोवर ती हलली नसती, आणि मी काही लवकर मरून नाही राहिले."

"मग त्याला का नाही कळवलंस? मला का नाही सांगितलंस?"

"तो वाचून राहिला, मी ऐकून राहिली. आमचं चाललं होतं. तोंडाने बोलायचं असतं तर तेरा वर्षांत बोलला असता तो. आणि तुझ्या पोटात काही राहते का?"

मग मात्र ती रडली. मटाराच्या टोपलीवर वाकून, आवाज न करता. तू राजमातेला मोठ्याने रडवतोस ना, ते चुकलं आहे. ती तशी रडत नाही.

आईचं म्हणणं, श्रुतीला यातलं अवाक्षर कळता कामा नये. लग्न होऊन जाऊ दे, पोरगी मार्गी लागली आहे, तिच्या वाटेत काटा कशाला? तिचं म्हणणं मला कळतं. पण पटत नाही. गोष्टीतल्या सगळ्यांना माहीत, ऐकणाऱ्यालाही माहीत, फक्त जिचं आयुष्य आहे तिला एकटीला माहीत नाही, ही युक्ती मला पुस्तकात चालत नाही. अशी पुस्तकं मी अर्ध्यावर बंद केली आहेत. मग माझ्या घरात कशी चालवू? उद्या कुठूनतरी तिच्या कानावर आलं तर ती माझ्याकडे कोणत्या तोंडाने बघेल, आणि मी तिच्याकडे?

भीती एकच आहे. ऐकल्यावर ती पुन्हा दाराकडे बघत बसली तर? ती बसेल, मंद्या. मला तिचा स्वभाव माहीत आहे. आईने एवढं पाप डोक्यावर घेऊन जे सोडवलं, ते मी एका वाक्यात पुन्हा बांधून ठेवीन.

तरी मी सांगणार आहे. तोवर तू गाडीत बसायचं नाहीस. समजलं?

ताई


भोपाळ
२३ नोव्हेंबर २०२५

मंदार,

काल मी सोनागिरीला गेले. आईला न सांगता गेले. श्रुती बाहेरच्या खोलीत साडीला फॉल लावत बसली होती. जांभळी साडी, हिरवे काठ. मी म्हटलं, सुई बाजूला ठेव. तिने ठेवली नाही. मी सांगितलं तेव्हा सुई साडीत तशीच राहिली आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

मग तिने विचारलं, "आजारी आहे?"

"नाही."

"संसार आहे?"

"नाही म्हणतो."

"मग काय झालं होतं?"

"लाज वाटली म्हणतो. नोकरीची."

"तेरा वर्षं?"

तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, झालं, आता ती उठेल आणि दाराशी जाईल. ती म्हणाली, "ऐकवा."

मी फोन लावून दिला. साध्या वेगाने. आपल्याच खोलीत, बाबांच्या फोटोखाली, मंदार, तू बोलायला लागलास. पहिल्या वाक्याला तिने डोळे मिटले. मला वाटत होतं की हिला तुझा आवाज ओळखू येणार नाही. तिला आला. भरदार झाला असला तरी आला, मान हलली तिची. घंटाळ राक्षस बोलला तेव्हा ती हसली, "लतीफ मियाँ!" म्हणाली. म्हातारा राजा खोकला तेव्हा तिने बाबांच्या फोटोकडे बघितलं आणि डोळे पुसले. काजळी आली तेव्हा माझ्याकडे बघितलं आणि दोघी हसलो. राजमातेला ती बराच वेळ ऐकत राहिली. म्हणाली, पुढे लावा. पुढचं लावलं. आणखी पुढचं लावलं. चहा झाला, उन्हं भिंतीवरून उतरली. मधे अमितचा फोन आला, तो तिने घेतला, "नंतर करते" म्हणाली आणि पुन्हा ऐकायला लागली.

मग तिने विचारलं, "ताई, यात मी कोण आहे?"

मला प्रश्न कळला नाही.

"सगळे आहेत ना. आई आहेत, बाबा आहेत, तुम्ही, लतीफ मियाँ, तो कारखान्याचा कँटीनवालासुद्धा आहे, पालखीवाल्याच्या आवाजात. मी कुठल्या भागात येते? तेवढंच लावा."

मी सहाही भाग ऐकले आहेत, मंदार. दीडपट वेगाने ऐकले, साध्या वेगाने ऐकले, तुझ्यासाठी पुन्हा ऐकले. तिथे बसून मी मनातल्या मनात एकेक बाई आठवून बघितली. राजकन्या. तिची दासी. वनदेवी. नावाड्याची मुलगी. सगळ्या पुस्तकातल्या बायका, सगळ्यांना तू एकच गोड, गुळगुळीत आवाज दिलास, कुठल्याही बाईचा नसलेला. श्रुती शब्दाच्या मधेच हसते, रागावली की हळू बोलते, 'अच्छा' म्हणताना च लांबवते. हे कुठेच नाही.

मी म्हटलं, "नाहीस तू."

ती म्हणाली, "नीट आठवा."

"आठवलं. नाहीस."

मी तुझी बाजू घेतली, ते तुला माहीत असावं. मी म्हटलं, तुझा आवाज काढायची त्याची हिंमत झाली नसेल. खरंच तसं असेलही. ती हळू आवाजात म्हणाली, "हिंमत मी केली, ताई. रोज. दर अनोळखी नंबर उचलताना केली." मग तिने फोन बंद करून माझ्या हातात दिला. "मला वाटलं होतं, त्याचा आवाज ऐकला तर माझे पाय लटपटतील. म्हणून कधी जुनी कॅसेटसुद्धा लावली नाही. उगाच घाबरले."

तिने सुई शोधली आणि उरलेला फॉल पुरा केला. मी बसून होते.

निघताना तिने कपाटातून लग्नाची पत्रिका काढली आणि पाकिटावर नाव लिहिलं. या पत्रासोबत आहे, बघ. तिचंच अक्षर आहे. 'श्री. प्रतीक मोघे, पुणे.' मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "मंदारचं झालं ना सगळं नर्मदेवर. मी मनापासून केलं ते. आता ते पुसायचं नाही मला. हे प्रतीक मोघे वेगळे, तुमच्या ओळखीचे. छान वाचतात. यांना यायचं असेल तर येऊ द्या, जेवून जाऊ द्या."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवून सांगितलं. आईने पाकीट हातात घेतलं, नाव माझ्याकडून वाचून घेतलं, पुन्हा एकदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "बरोबर लिहिलं पोरीने." आणि भिंतीकडे तोंड करून पडली. 'क्षारनगरी' लावून देऊ का विचारलं तर नको म्हणाली.

तेव्हा ये किंवा येऊ नकोस. आलास तर आईच्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी ठेवीन आणि वाढायला मी स्वतः येईन. श्रुती तुला नमस्कार करील, नवऱ्याशी ओळख करून देईल. मोघे, हे अमित. अमित, हे मोघे. आणि आई, मी, सगळे त्याच नावाने बोलू. मंद्या म्हणून तुला तिथे कुणी हाक मारणार नाही. मीही नाही.

रजनी